जुना वॉकीटॉकी घेण्यापूर्वी

(कोलकाता येथील मराठी रेल्वे व टपाल कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात रेल्वे युनियनच्या शाखा सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सभेपुढे एक सूचना आली आहे. आपल्या स्वयंसेवक पथकासाठी वर्गणी काढून दहा जुने वॉकीटॉकी सेट विकत घ्यावेत, अशी ती सूचना आहे. पूजेच्या गर्दीत, मकर संक्रांतीला गंगासागरला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या सेवेत आणि वादळ-पुराच्या वेळी हे सेट उपयोगी पडतील, असे सूचना मांडणाऱ्यांचे म्हणणे आहे. सूचनेच्या शेवटी आणखी एक ओळ जोडली आहे. उरलेल्या दिवसांत हेच सेट लाइनवर काम करणाऱ्या गँगला वापरायला द्यावेत, अशी ती ओळ. पहिल्या भागाला माझा पाठिंबा आहे, पण काही अटींवर. शेवटच्या ओळीला माझा साफ विरोध आहे. दोन्हींची कारणे सांगण्यासाठी मी उभा आहे.

मी दहावी शिकलेला माणूस आहे, इंजिनियर नाही. जे सांगणार आहे ते नोकरीत हाताळलेल्या सेटवरून, सिग्नल-टेलिकॉम खात्यातल्या सहकाऱ्यांना विचारून आणि सरकारी कागद वाचून सांगणार आहे. आपल्यापैकी बरेच जण नागपूर, गोंदियाकडचे. २००३ पर्यंत नागपूर विभाग दक्षिण पूर्व रेल्वेत होता, त्यामुळे कोणी गार्डन रीचला आला, कोणी खरगपूरला, आणि इकडेच राहिला. तेव्हा ही चर्चा आपल्या घरच्या भाषेतच झालेली बरी.

गरज खरी आहे

बिनतारी संदेशाचे आणि या शहराचे नाते जुने आहे. १८५१ साली तारेचे काम सुरू झाले ते कोलकाता ते डायमंड हार्बर या मार्गावर. १८९५ साली इथल्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी मधे तार नसताना लांबवर घंटा वाजवून दाखवली आणि दारूचा स्फोटही करून दाखवला. टपाल खात्यातल्या ज्येष्ठांना आठवत असेल, घरच्या रेडिओचे लायसन्ससुद्धा एके काळी पोस्टात काढावे लागे. १९८०च्या दशकात ते बंद झाले. २०१३च्या जुलैमध्ये तारसेवाही बंद झाली. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. मग वॉकीटॉकी कशाला, असे तरुण मंडळी विचारतात.

उत्तर या शहराने २० मे २०२० रोजी पाहिले. अम्फान वादळ आले, झाडे आणि खांब पडले, मोबाइलचे टॉवर मुके झाले. कोलकात्याच्या कित्येक वस्त्यांत वीज यायला दिवस लागले. सुंदरबनची स्थिती तर त्याहून वाईट होती. मोबाइलला टॉवर लागतो, टॉवरला वीज लागते. वॉकीटॉकीला फक्त दुसरा वॉकीटॉकी लागतो. दुसरा फरक असा, की मोबाइलवर एका वेळी एकाशी बोलता येते आणि मेळ्याच्या गर्दीत तो लागतच नाही. सेटचे बटण दाबले की एक बोलतो आणि सगळे पथक ऐकते. मूल हरवले, जेट्टीवर रेटारेटी झाली, कोणाला चक्कर आली, तर अशा वेळी हाच फरक कामी येतो.

गंगासागरच्या मेळ्यात पश्चिम बंगालचे हौशी रेडिओवाले, ज्यांना हॅम म्हणतात, अनेक वर्षे हे काम करत आले आहेत. चुकलेल्या, म्हाताऱ्या, स्वतःच्या गावाचे नावही नीट सांगता न येणाऱ्या यात्रेकरूंना त्यांनी घरच्यांपर्यंत पोहोचवले आहे. २००४च्या डिसेंबरात सुनामी आली तेव्हा अंदमानात पोर्ट ब्लेअरला योगायोगाने हॅम मंडळींचे पथक आपले सेट घेऊन आलेले होते. बाकी संपर्क तुटल्यावर त्यांच्याच सेटवरून माणसे जिवंत असल्याचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले. म्हणून पथकाला सेट हवेत, या म्हणण्याला माझा विरोध नाही.

ड्युटीवरचा सेट वर्गणीतून येणार नाही

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो.

१७ जून २०२४च्या सकाळी न्यू जलपाईगुडीच्या पुढे, रंगापानीजवळ, सियालदहकडे येणाऱ्या कांचनजंगा एक्स्प्रेसला मागून मालगाडीने धडक दिली. दहा माणसे गेली. मालगाडीचा ड्रायव्हर गेला, कांचनजंगाचा गार्ड गेला. (२०२२ पासून कागदावर त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण आपल्या तोंडी गार्डच आहे.) त्या सकाळी ऑटोमॅटिक सिग्नल बिघडलेले होते आणि गाड्या कागदी परवानगीवर सोडल्या जात होत्या. अपघात झाला त्याच दिवशी सगळा दोष मेलेल्या ड्रायव्हरवर टाकून काही जण मोकळे झाले. पुढे रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत वेगळे चित्र आले. अनेक पातळ्यांवरच्या चुका, ड्रायव्हर आणि स्टेशन मास्तरांना दिलेली अपुरी समज, आणि त्याबरोबर ड्रायव्हर-गार्डकडे वॉकीटॉकीसारखे आवश्यक साधन उपलब्ध नव्हते, ही बाबही त्या अहवालात नोंदली गेली.

बंधूंनो, ही नोंद नीट लक्षात घ्या. चौकशी अधिकाऱ्याने साधन नसल्याचा मुद्दा प्रशासनाच्या खात्यावर मांडला. आता समजा, आपण वर्गणीतून सेट घेऊन दिले असते. मग पुढच्या अपघातात प्रश्न असा आला असता, की हा सेट कोणाचा, कोणी तपासला, कोणत्या परवानगीने वापरला? आणि त्याचे उत्तर देण्याची वेळ एखाद्या गँगमनवर आली असती.

डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये अहवाल दिला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत सुमारे १,६०० रेल्वे कर्मचारी कामावर असताना मरण पावले आणि सुमारे ८,७०० जखमी झाले, असे त्यात म्हटले आहे. २२ जानेवारी २०२४च्या रात्री आपल्या महाराष्ट्रात वसई रोड आणि नायगावच्या दरम्यान सिग्नलचे काम करणारे तीन कर्मचारी लोकलखाली सापडले. गाडी येत असल्याचा इशारा लाइनवरच्या माणसाला वेळेवर मिळणे हा जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी व्हीएचएफ लहरींवर चालणारी ‘रक्षक’ नावाची यंत्रणा रेल्वेने काही विभागांत आणली आहे. ती प्रत्येक गँगला मिळाली पाहिजे, चालू स्थितीत मिळाली पाहिजे, बॅटरीसकट मिळाली पाहिजे. ही आपली मागणी असावी. चांदनी मार्केटमधून आणलेला जुना सेट हातात देऊन आपणच ती मागणी ढिली करू नये.

दुसरे कारण तांत्रिक आहे. खाजगी सेट रेल्वेच्या चॅनेलवर बसवणे हा गुन्हा तर आहेच, त्यात धोकाही आहे. ड्रायव्हर गार्डशी बोलत असताना त्याच चॅनेलवर दुसऱ्याने बटण दाबले तर दोघांचेही बोलणे बिघडते. पोलंडमध्ये ऑगस्ट २०२३ मध्ये काय झाले ते पाहा. तिथे गाडी थांबवण्याचा इशारा म्हणजे रेडिओवरचे ठरावीक तीन स्वर. कोणीतरी साध्या सेटवरून तेच स्वर सोडले आणि सुमारे वीस गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. वाईट हेतूने केलेले ते काम होते. पण चुकीच्या चॅनेलवर लागलेला चांगल्या माणसाचा सेटही यंत्रणेला तितकाच परका असतो.

आधी कागद, मग सेट

आता स्वयंसेवक पथकाच्या सेटविषयी. दुकानात जाण्यापूर्वी कायदा समजून घेऊ.

१८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी कायदा यांच्या जागी २०२३ साली नवा दूरसंचार कायदा करण्यात आला आणि २०२४ पासून त्याची कलमे टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागली. कायद्याचे नाव बदलले तरी मूळ गोष्ट तीच आहे. हवेतल्या लहरी सरकारच्या ताब्यात आहेत आणि परवानगीशिवाय त्या वापरता येत नाहीत. ही परवानगी दूरसंचार खात्याची डब्ल्यूपीसी ही शाखा देते. टपाल खाते ज्या मंत्रालयाखाली येते, त्याच मंत्रालयाखाली हीही येते. अर्ज आता सरल संचार या सरकारी पोर्टलवर करायचा असतो. लायसन्स मिळाले की ठरावीक फ्रिक्वेन्सी मिळते आणि तिचे शुल्क दर वर्षी भरावे लागते. छपरावर पक्का अँटेना उभारायचा असेल तर त्या जागेची मंजुरी वेगळी.

कमी शक्तीच्या काही सेटना लायसन्स लागत नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा असा एक पट्टा आहे. पण इथे एक सापळा आहे. दुकानदार म्हणतो, “दादा, हा पाच वॅटचा जुना सेट मी ४४६ वर बसवून देतो, मग लायसन्स नको.” हे खरे नाही. सूट पट्ट्यापुरती नसते. शक्तीची मर्यादा असते आणि त्या मॉडेलला सरकारी मान्यता असावी लागते. पाच वॅटचा सेट कुठल्याही आकड्यावर बसवला तरी पाच वॅटचाच राहतो. आणि सूट असलेल्या छोट्या सेटचा पल्ला शहरात काही शे मीटरपलीकडे फारसा जात नाही. एका मंडपापुरते ते पुरेल, जेट्टीपासून बस-तळापर्यंत पुरेलच असे नाही.

हॅमचे लायसन्स काढून काम भागेल का, असेही कोणी विचारले आहे. त्याची परीक्षा आहे, ती आपल्यातल्या तरुणांनी जरूर द्यावी. पण ते लायसन्स त्या माणसाचे असते, छंद आणि शिक्षणासाठी असते. आपत्तीत हॅम मदतीला येतो ही त्याची परंपरा आहे. मात्र संघटनेचे रोजचे काम त्या लहरींवर चालवता येत नाही, आणि लायसन्स नसलेल्या साथीच्या हाती तो सेट देऊन मोकळे होता येत नाही.

इंटरनेटवरून मागवू, हाही विचार दूर ठेवा. लायसन्सची, फ्रिक्वेन्सीची, मान्यतेची काहीच माहिती न देता वॉकीटॉकी विकले जात आहेत, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या आणि अशा विक्रीसाठी मार्गदर्शक नियमही केले. खेळण्यासारखा दिसणारा सेट घरपोच आला म्हणून तो कायदेशीर होत नाही.

दुकानात काय पाहायचे

समजा लायसन्स हातात आले, फ्रिक्वेन्सी मिळाली. आता चांदनीत जा. जुना सेट घेण्यात कमीपणा काही नाही. कारखाने, हॉटेले, सुरक्षा एजन्सी नवे डिजिटल सेट घेतात तेव्हा जुने अ‍ॅनालॉग सेट बाजारात येतात. त्यातले काही अजून दहा वर्षे चालतील इतके दणकट असतात. काही मात्र परदेशात बाद झालेले असतात. अमेरिकेने १ जानेवारी २०१३ पासून पंचवीस किलोहर्ट्झ रुंदीचे चॅनेल बंद करून साडेबारा किलोहर्ट्झ सक्तीचे केले, तेव्हा फक्त रुंद चॅनेलवर चालणारे सेट तिथे एकदम निकामी ठरले. तेव्हा पुढील गोष्टी क्रमाने पाहा.

एक, पट्टा. सेटच्या मागच्या चिठ्ठीवर मॉडेल नंबर असतो, त्यावरून तो व्हीएचएफ की यूएचएफ ते कळते. व्हीएचएफ सेट यूएचएफ सेटशी कधीच बोलणार नाही. अ‍ॅनालॉग सेटला डिजिटल सेटचे बोलणे म्हणजे नुसता खरखराट. आपल्याला मिळालेल्या फ्रिक्वेन्सीवर आणि चॅनेलच्या रुंदीत तो बसतो का, हे आधी पाहा. बसत नसेल तर भाव विचारूच नका.

दोन, माल कोणाचा. सिरियल नंबर खरवडलेला असेल, पोलिसांची, रेल्वेची, बंदराची किंवा फायर ब्रिगेडची खूण पुसलेली दिसत असेल तर सेट हातातून खाली ठेवा. सरकारी माल लिलावातून सुटतो आणि त्याचा कागद असतो. कागद नसेल तर चोरीचा माल घेतल्याचा आरोप येतो. पूर्वी त्याला भारतीय दंड संहितेचे ४११ कलम होते, आता भारतीय न्याय संहितेचे ३१७ आहे. पक्के बिल घ्या आणि त्यावर प्रत्येक सेटचा सिरियल नंबर लिहून घ्या.

तीन, नकली माल. नामांकित कंपन्यांच्या बंद झालेल्या मॉडेलांच्या नकला सर्रास मिळतात. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये वॉकीटॉकींचे स्फोट घडवले गेले, माणसे मेली. त्या सेटवर ज्या जपानी कंपनीचे नाव होते तिने सांगितले, की हे मॉडेल आणि त्याची बॅटरी आम्ही २०१४ मध्येच बंद केली, आणि या सेटवर खऱ्या मालाचे होलोग्राम नसल्याने हे आमचे की नकली तेही सांगता येत नाही. तो युद्धातला प्रकार होता. आपल्यापुरता धडा एवढाच, की माल कुठून कुठून फिरत आला हे माहीत नसेल तर त्याच्या आत काय आहे हेही माहीत नसते.

चार, बॅटरी. जुन्या सेटमध्ये सर्वात आधी मरते ती बॅटरी. दुकानात ती भरलेली दिसते, दुपारपर्यंत संपते. कंपन्या मोजणीसाठी एक पद्धत वापरतात: पाच टक्के वेळ बोलणे, पाच टक्के ऐकणे, नव्वद टक्के नुसते चालू. म्हणजे दर मिनिटाला तीन सेकंद बोला, तीन सेकंद ऐका, बाकी चोपन्न सेकंद तसाच ठेवा. असा आठ तासांचा एक पाळा बॅटरी टिकली तर ठीक. नाहीतर नव्या बॅटरीचा खर्च धरूनच किंमत ठरवा. फुगलेली लिथियमची बॅटरी फुकट दिली तरी घेऊ नका.

पाच, प्रोग्रॅमिंग. आजच्या सेटमधले चॅनेल खटका फिरवून बदलत नाहीत, ते कॉम्प्युटरवरून भरावे लागतात. त्या मॉडेलची केबल आणि सॉफ्टवेअर कोणाकडे आहे, ते विचारा. मोटोरोलाचा जीपी-३०० हा एक काळचा गाजलेला, मजबूत सेट. पण त्याचे सॉफ्टवेअर डॉसवर चालणारे, त्यासाठी जुना कॉम्प्युटर जपून ठेवलेला मेकॅनिक शोधावा लागतो. सेट स्वस्त का मिळतोय, याचे कारण कधी कधी हेच असते. प्रत्येक चॅनेलला कानाला ऐकू न येणारा एक टोन लावलेला असू शकतो. एका सेटचा टोन दुसऱ्याशी जुळला नाही तर दोन्ही सेट चांगले असूनही एकमेकांना ऐकू जात नाहीत. आणि आधीच्या मालकाचे सगळे चॅनेल पुसून घ्या. ते पुसेपर्यंत बोलण्याचे बटण दाबू नका, कारण तुमचा आवाज कोणाच्या कंट्रोल रूममध्ये जाईल याचा नेम नाही.

सहा, तपासणी. सर्व्हिस मॉनिटर असलेल्या मेकॅनिककडून तीन गोष्टी मोजून घ्या: बाहेर पडणारी शक्ती, फ्रिक्वेन्सी सरकली आहे का, आणि ऐकण्याची क्षमता. चांगला सेट पाव मायक्रोव्होल्टच्या आसपासचा क्षीण संकेतही पकडतो. खूप सेट बोलताना उत्तम आणि ऐकताना बहिरे असतात. दुकानाच्या काउंटरवर दोन सेट हातभर अंतरावर धरून बोलले की कोणताही सेट चालतो, त्या परीक्षेला अर्थ नाही. आणि अँटेना लावल्याशिवाय बटण दाबू नका, आतला भाग जळू शकतो.

सात, बाहेरची स्थिती. बोलण्याच्या बटणावरचे रबर फाटले असेल तर पाणी आत जाणारच. बॅटरीच्या टोकांवर हिरवट थर असेल, अँटेनाचा खोबणा हलत असेल तर तो सेट समुद्रकाठी किंवा पावसात राबलेला आहे. कोलकात्याच्या दमट हवेत तो थर वाढतच जाणार. तेल डेपोत वापरायचा खास सेट असतो, त्यात ठिणगी पडू नये अशी रचना असते. एकदा उघडलेल्या, किंवा दुसऱ्याच कंपनीची बॅटरी लावलेल्या अशा सेटवर मात्र तेलाच्या आवारात विसंबू नये.

आठ, सगळे सेट एकाच मॉडेलचे घ्या. दहा वेगवेगळ्या सेटना दहा चार्जर लागतात. एकाच मॉडेलचे असले तर एकाची बॅटरी दुसऱ्याला चालते, आणि मेलेला सेट सुट्या भागांना उपयोगी पडतो.

आता हिशेब पाहा. आकडे मी केवळ उदाहरणासाठी धरतो. सेट २,००० रुपयांना मिळाला. बॅटरी १,२००, चार्जर ८००, अँटेना ३००, प्रोग्रॅमिंग आणि तपासणी ५००. झाले ४,८००. त्यात दर वर्षाचे लायसन्स शुल्क वेगळे. दुकानदार आपल्याला २,००० सांगतो, आपण सभासदाला मात्र ४,८०० सांगितले पाहिजेत. वर्गणीचा पैसा आहे, त्याचा हिशेब आधीच मांडलेला बरा.

पलीकडे ऐकणारा कोण?

इतके सगळे नीट झाले तरी अर्धेच काम झाले. हातातला सेट बोलतो, पण पलीकडे कोण आहे?

न्यूयॉर्कच्या फायर ब्रिगेडचे उदाहरण घ्या. तिथे २००१च्या मार्च महिन्यात नवे डिजिटल सेट वापरात आणले, तक्रारी आल्यावर मागे घेतले आणि पुन्हा जुने सेट जवानांच्या हाती दिले. ११ सप्टेंबरला ते जुनेच सेट घेऊन जवान जळत्या इमारतींत शिरले. ३४३ जण परत आले नाहीत. बाहेर पडा, हा हुकूम अनेकांपर्यंत पोहोचलाच नाही, असे पुढे चौकशी आयोगाने लिहिले. उंच इमारतीत आवाज पोहोचावा म्हणून बसवलेली रिपीटर यंत्रणा तिथे होती. पण तिचे एक बटण दाबले गेले नव्हते, म्हणून खाली लॉबीत उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांना ती बंद आहे असे वाटले. जगातल्या श्रीमंत शहराची ही गोष्ट. सेट जुना की नवा, यावर सगळे ठरत नाही. ज्याच्या हातात तो आहे त्याला तो वापरण्याचा सराव आहे का, यावर फार ठरते.

आपल्या शहरातही ८ मार्च २०२१च्या संध्याकाळी स्ट्रँड रोडवरच्या रेल्वेच्या न्यू कोयलाघाट इमारतीत तेराव्या मजल्यावर आग लागली. नऊ जण गेले. त्यांत फायर ब्रिगेडचे चार जवान होते, पोलीस होता, रेल्वेची माणसे होती. अनेक मृतदेह लिफ्टमध्ये सापडले. त्या रात्री कोणाकडे कोणते साधन होते यावर मी बोलणार नाही. मी एवढेच म्हणतो, की आत शिरलेल्या माणसाला बाहेरून ‘लिफ्ट वापरू नका, जिन्याने या’ हे चार शब्द वेळेवर ऐकू गेले पाहिजेत, आणि ते सांगण्यासाठी बाहेर नेमलेला एक माणूस जागेवर असला पाहिजे. पथक बांधताना आपण सुरुवात या माणसापासून करावी.

म्हणून नियम असे ठेवू. काम चालू असेपर्यंत एक साथी कंट्रोलवर बसेल, दुसरे काम करणार नाही. बोलताना आधी ज्याला हाक मारायची त्याचे नाव, मग आपले, मग कुठे आहोत, मग काय झाले आणि काय हवे. ऐकणाऱ्याने निरोप परत म्हणून दाखवायचा, जसा केबिनमध्ये आपण नंबर परत म्हणतो तसा. गंगासागरला बंगाली, हिंदी, भोजपुरी, मराठी सगळ्या भाषा कानावर येतात. सेटवर एकच भाषा ठरवून घ्यायची. कंट्रोलच्या वहीत वेळ आणि निरोप लिहायचा. टपाल खात्यातल्या मंडळींनी ही वही सांभाळावी, असे मी सुचवतो. नोंद ठेवण्याची सवय तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाला नाही. महिन्यातून एका रविवारी सगळे सेट चार्ज करून मैदानात सराव करायचा. कपाटात ठेवलेला सेट वादळाच्या दिवशी चालत नाही.

आणि आपण पोलिसांच्या, सिव्हिल डिफेन्सच्या, जिल्हा प्रशासनाच्या कामात लुडबूड करायला जात नाही. आपला कंट्रोल त्यांच्या कंट्रोलला कसा कळवणार, हे मेळ्यापूर्वी त्यांच्याशी बसून ठरवले पाहिजे. कदाचित ते म्हणतील, तुमची माणसे द्या, सेट आमचे वापरा. तसे झाले तर वर्गणीचा प्रश्नच उरत नाही.

ठराव

तेव्हा मूळ सूचनेऐवजी मी पुढील ठराव सभेपुढे ठेवतो.

पहिला. ड्युटीवर लागणारे संपर्काचे आणि इशाऱ्याचे प्रत्येक साधन प्रशासनाने पुरवावे. त्यासाठी वर्गणी काढली जाणार नाही. प्रत्येक डेपो, यार्ड आणि गँगमध्ये किती सेट मंजूर आहेत, किती हातात आहेत, किती चालू आहेत आणि किती बॅटऱ्या मेल्या आहेत, याची यादी आपण स्वतः एका महिन्यात तयार करू आणि लेखी निवेदनासह वर पाठवू. सेट न देता ड्युटीवर जायला सांगितले तर ते रजिस्टरमध्ये लिहून ठेवायचे. कांचनजंगाच्या चौकशीनंतर ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे कोणालाही म्हणता येणार नाही.

दुसरा. स्वयंसेवक पथकासाठी आधी सिव्हिल डिफेन्स आणि जिल्हा प्रशासनाशी बोलणी करावी, आणि गरज उरल्यास लायसन्ससाठी अर्ज करावा. फ्रिक्वेन्सी मिळेपर्यंत एकही सेट विकत घेऊ नये.

तिसरा. फ्रिक्वेन्सी मिळाल्यावर दहा नव्हे, एकाच मॉडेलचे सहा जुने सेट घ्यावेत आणि उरलेल्या पैशात सहा नव्या बॅटऱ्या घ्याव्यात. खरेदीला तिघांनी जावे, त्यातला एक सिग्नल-टेलिकॉमचा असावा. बिल आणि तपासणीचा कागद पुढच्या सभेत सर्वांना दाखवावा.

चौथा. हॅमच्या परीक्षेला बसू इच्छिणाऱ्या साथींची नावे आजच नोंदवून घ्यावीत.

बंधू-भगिनींनो, सूचना मांडणाऱ्या तरुणांचे मला मनापासून कौतुक आहे. दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून स्वतःच्या पगारातून पैसे काढायला तयार असलेली माणसे कोणत्याही संघटनेला सहज मिळत नाहीत. त्यांचा पैसा आणि त्यांची मेहनत योग्य जागी लागावी, एवढाच माझा आग्रह आहे. ठरावावर ज्यांना बोलायचे आहे त्यांनी अध्यक्षांकडे चिठ्ठी द्यावी. यादीच्या कामासाठी खरगपूर, सांत्रागाछी आणि हावडा इथली नावे मला आज सभा संपण्यापूर्वी हवी आहेत.